आउटबॉक्समध्ये एक

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे घडलंय.

आणि ज्यांच्या बाबतीत घडलं, ती माणसं भूतखेत मानणारी नाहीत. दुकानात बाबासाहेबांचा फोटो, घरात बुद्धाची मूर्ती. लिंबू-मिरची बांधायची नाही, उतारा टाकायचा नाही, कुणी गेलं तर पिंड नाही की घास नाही. माझी मावसबहीण सुकेशनी तर असल्या गोष्टी सांगणाऱ्याची इतकी खेचते, की तो माणूस पुन्हा तिच्यासमोर तोंड उघडत नाही.

तिनंच मला हे सांगितलं. सांगताना एकदाही हसली नाही.

रात्रसुद्धा नव्हती हो. अमावास्या नाही, पिंपळ नाही, स्मशान नाही. गेल्या वर्षीचा मे महिना, भर दुपार, आणि ठिकाण औरंगपुरा. आमच्या शहरातला भर बाजार, जिथं गाडी लावायला वीतभर जागा मिळत नाही.

तिथं एका कापड दुकानाच्या वर सुकेशनीचं छोटंसं दुकान आहे. चिंचोळा जिना चढून जायचं. कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, उडालेल्या फाईली परत काढून द्यायच्या, हा तिचा धंदा. लोक काय काय घेऊन येतात. एकानं लग्नाच्या फोटोंच्या नावातलं शेवटचं जेपीजी खोडून तिथं पीडीएफ लिहिलं होतं. आता फोटो उघडत नाहीत म्हणून तो हिच्याशीच भांडायला लागला.

सुकेशनी त्याला म्हणाली, "भाऊ, डब्यावर साखर लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होतं का?"

फाईलच्या नावात शेवटी एक टिंब असतं आणि टिंबापुढं तीन-चार अक्षरं. आत काय माल आहे ते कॉम्प्युटर त्या अक्षरांवरून ओळखतो. अक्षरं बदलली तरी माल बदलत नाही. हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

तरी त्या दुपारी तिनं तेच केलं.

कारण फाईल प्रणयची होती.

प्रणय तिचा धाकटा भाऊ. चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला होता. हर्सूलच्या घरून मोटारसायकलवर जायचा-यायचा. कारखान्यात मोबाईल न्यायला बंदी होती. गेटवर जमा करायचा, सुटताना घ्यायचा. आणि घरी माय. म्हणजे माझी मावशी, मंजुळाबाई. तिची एक खोड होती. पोरगा जेवल्याचं कळल्याशिवाय ती दुपारची भाकरी तोडायची नाही.

"त्यो तिकडं उपाशी अन् म्या हिकडं गिळू व्हय?"

कितीही समजावा, ऐकायची नाही. मग प्रणयनंच युक्ती काढली. जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या लॅपटॉपसमोर बसायचा आणि आवाज भरायचा. "माय, जेवलो गं." एवढंच. ते मेलनं सुकेशनीच्या दुकानात पाठवायचा. सुकेशनी मायला फोन लावायची आणि फोन कॉम्प्युटरच्या स्पीकरला टेकवायची.

ऐकलं की माय हात धुऊन जेवायला बसायची. रोज. कितीतरी वर्षं.

त्या मेलमध्ये आवाजाची फाईल नसायची, तिची नुसती लिंक यायची. दाबली की कंपनीच्या सर्व्हरवरून आवाज ऐकू येई. तेव्हा त्यात काय बिघडतंय असं वाटलं होतं.

मग एका गुरुवारी मेल आलाच नाही.

माय भाकरी झाकून बसून राहिली. ऊन भिंतीवरून उतरलं, चहाची वेळ झाली, तरी बसूनच होती. संध्याकाळी पैठण रोडवर एका ट्रकनं प्रणयच्या गाडीला उडवलं. तो जागीच गेला. फोनचा चुरा झाला.

कंपनीनं आठवडाभरात त्याचं मेलचं खातं बंद केलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, नियमच असतो तो. पण खातं बंद झालं आणि सगळ्या लिंका मेल्या. सुकेशनी जुने मेल उघडून एकेक लिंक दाबत बसायची. प्रत्येक वेळी तेच पांढरं पान. ही फाईल आता उपलब्ध नाही.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माय पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसली होती. रडली नाही. सगळे उठून गेल्यावर एवढंच म्हणाली, "सुके, तू लोकायच्या फाईली काढून देती ना? मला त्याचा आवाज काढून दे. दुसरं काय नको."

आणि तेव्हापासून मायनं दुपारचं जेवण सोडलं.

वर्ष होत आलं. माय वाळत चालली. डॉक्टर म्हणायचे वेळेवर जेवायला घाला, आणि माय म्हणायची भूक नाय. सुकेशनीचं एक माणूस गेलं होतं, आता दुसरं डोळ्यांदेखत चाललेलं दिसत होतं.

मे महिन्यात मायनं तुरीची डाळ उन्हात टाकायला डबा उपडा केला. डाळीबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वस्तू खाली पडली. छोटी हार्ड डिस्क.

सुकेशनीला लगेच आठवलं. प्रणयचा लॅपटॉप बदलून मिळणार होता. तिनंच त्याला सांगितलं होतं, मेलचा बॅकअप घेऊन ठेव. तो गेला त्याच्या आधीच्या रविवारी त्यानं डिस्क घरी आणली होती. ओल लागू नये म्हणून डाळीत ठेवतो म्हणाला होता. ती हसली होती आणि विसरली होती.

ती तशीच डिस्क घेऊन दुकानात आली. जोडली. आत एकच फाईल.

प्रणय, टिंब, ओएसटी.

ती कपाळाला हात लावून बसली. हा बॅकअप नव्हताच. बॅकअप घ्यायचा असला तर मेलच्या प्रोग्राममधून तो बाहेर काढावा लागतो. त्याची पीएसटी फाईल होते. ती कुठंही न्या, कुठंही उघडा. ओएसटी तशी नसते. ती सर्व्हरवरच्या खात्याची आरशातली छबी. खातं जिवंत आहे तोवर ती जिवंत. समोरचं माणूसच निघून गेलं तर आरशात काय राहणार?

प्रणयला यातलं काही ठाऊक नव्हतं. ताईनं फाईल आण म्हटलं, दिसली ती फाईल उचलून आणली.

मग तिनं ते वेड्यासारखं काम केलं. ओएसटी खोडलं आणि पीएसटी लिहिलं. गिऱ्हाइकानं केलं असतं तर तिनं त्याची चामडी सोलली असती. मेलचा प्रोग्राम म्हणाला, ही फाईल ओळखता येत नाही.

तिनं नाव परत होतं तसं केलं. मग अशा बेवारस ओएसटी चाळून आतलं दाखवणारा एक प्रोग्राम लावला आणि वाट बघत बसली.

तेवढ्यात लाईट गेली.

पंखा थांबला. खालच्या दुकानातलं गाणं बंद पडलं. इन्व्हर्टरवर फक्त तिचा कॉम्प्युटर चालू होता. औरंगपुऱ्यात भर दुपारी इतकी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती. एक हॉर्न नाही, एक हाक नाही...

स्क्रीनवर फोल्डर उमटले.

आलेले मेल... रिकामे. पाठवलेले मेल... नावं होती, आत काही नव्हतं. सगळं सडलेलं.

आउटबॉक्स... एक.

आउटबॉक्स म्हणजे पाठवा म्हटलंय, पण अजून गेलेलं नाही, असे मेल थांबतात ती जागा. तिथं एक मेल थांबलेला होता. तिच्याच दुकानाच्या पत्त्यावर. खाली आवाजाची फाईल. लिंक नाही, फाईल.

तिनं तारीख बघितली आणि परत एकदा बघितली.

तारीख गुरुवारची होती. तो गेला तो गुरुवार.

डिस्क तर रविवारपासून डाळीत होती.

तिनं फाईल लावली. आधी ताटांचा आवाज आला. कारखान्याची कँटीन. कुणीतरी हसलं. आणि मग...

"माय, जेवलो गं."

तोच आवाज. 'गं' जरासा ओढलेला. सुकेशनीच्या तोंडून हुंदक्याबरोबर शब्द बाहेर पडला, "प्रण्या?"

कुणी उत्तर दिलं नाही. फाईल संपली होती. ती खूप वेळ रडली. मग डोळे पुसून तिनं परत लावली.

ताटं. हसणं. "माय, जेवलो गं."

मग थोडी शांतता...

"ताई? तू हायस का तिथं?"

सुकेशनीनं कॉम्प्युटरचं बटण दाबून धरलं ते स्क्रीन काळी होईपर्यंत सोडलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं आकाशला फोन लावला. आकाश प्रणयचा दोस्त, त्याच्याच स्टोअरमध्ये कामाला.

"जय भीम ताई. बोला ना."

तिनं विचारलं, त्या गुरुवारी प्रणयनं मला मेल केला होता का रे?

आकाश म्हणाला, "केला ना. पर गेलाच नाय. त्या दिशी कंपनीतलं नेट बंद व्हतं. चार वेळा उठून बघून आला बिचारा. म्हणे, मायची भाकरी आडकली रे."

"तो लॅपटॉप कुठंय आता?"

"त्यो तर तवाच पुसून दुसऱ्याला दिला. काऊन ताई?"

तिनं काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

घरी माय भिंतीला टेकून बसली होती. हाताच्या काड्या झालेल्या. सुकेशनीला भीती वाटत होती, पण त्या काड्यांकडं बघितल्यावर भीती मागं पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मायला रिक्षात घालून औरंगपुऱ्याला घेऊन आली. जिन्यात माय दोनदा बसली. वर आल्यावर सुकेशनीनं आतून कडी लावली आणि फाईल चालू केली.

"माय, जेवलो गं."

मायनं डोळे मिटले. तिचा चेहरा कसा झाला ते सुकेशनीला मला सांगता आलं नाही.

पुढचं "ताई, तू हायस का" आलं आणि गेलं. मायनं तिकडं लक्षही दिलं नाही. ती कॉम्प्युटरकडं तोंड करून म्हणाली, "म्या नाय जेवले रे राजा. कशी जेवू? तुझं काय कळंच ना."

सुकेशनीला वाटलं, आता गप्प बसावं. इथंच थांबावं. पण माय म्हणाली, "परत लाव."

परत लावलं. सगळं तसंच. आणि शेवटी मायचाच आवाज त्यात होता... म्या नाय जेवले रे राजा... आणि त्याच्यामागून,

"काऊन नाय जेवली? जेव बरं आधी. मी हाय."

सुकेशनी खुर्ची मागं सारून उठली.

माय मात्र जराही घाबरली नाही. तिनं पिशवीतून डबा काढला. भाकरी, मेथी, ठेचा. वर्षानंतर मंजुळाबाई दुपारची जेवली. पोरगा कामावरून आल्यावर त्याच्यासमोर बसून जेवावं तशी जेवली.

मग रोजचंच झालं. एक वाजला की दुकानाला कडी. माय स्टुलावर, डबा मांडीवर. प्रणय एक वाक्य बोलायचा, माय उत्तर द्यायची, परत लावलं की तो पुढचं बोलायचा. शेजारच्या म्हशीला रेडकू झालं. विहिरीचं पाणी आटलं. तुझा निळा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. असल्याच गोष्टी. मायच्या गालांवर थोडं मांस आलं. डॉक्टर खूश झाले.

सुकेशनी मात्र रोज एक गोष्ट बघत होती आणि बोलत नव्हती. डिस्क रात्रभर डाळीच्या डब्यात असायची. कशालाही जोडलेली नाही. तरी सकाळी बघावं तर फाईल आदल्या दिवशीपेक्षा मोठी झालेली. आणि फाईल शेवटची बदलल्याची वेळ... कायम दुपारची. जेवणाच्या सुट्टीची.

तिनं त्या आवाजाची दुसरी प्रत काढून बघितली. धंद्याची सवयच ती. प्रतीत फक्त पहिलं वाक्य आलं. "माय, जेवलो गं." पुढं काही नाही. पुढचं सगळं त्या एकाच फाईलमध्ये राहत होतं, दुसरीकडं कुठं येतच नव्हतं.

मग आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली.

ताटांचा आवाज कमी होत चालला होता.

पहिल्या दिवशी कँटीन भरलेली होती. हळूहळू हसणं गेलं. मग बोलणं गेलं. मग एकच ताट वाजायचं, लांब कुठंतरी. आणि एके दिवशी...

काहीच नाही. नुसता त्याचा आवाज. रिकाम्या खोलीत बोलल्यासारखा.

"माय, सगळे जेवून गेले वाटतं गं."

माय म्हणाली, "जाऊ दे. तू बस निवांत."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "स्टोअरला कुलूप हाय माय. कुणी दिसंना."

त्याच्या दुसऱ्या दिवशी, "गेटवर बी कुणी नाय. मोबाईल कुणाला मागू?"

आणि मग जूनच्या सुरुवातीला, आभाळ भरून आलेलं होतं तेव्हा...

"माय, पार्किंगमदी माझ्या एकट्याचीच गाडी उभी हाय. लई वेळ झाला गं. ही सुट्टी संपंना का? मला घरी यायचंय."

मायचा घास हातातच राहिला.

तिनं तो परत डब्यात ठेवला. बराच वेळ ती स्क्रीनकडं बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, तरी बघत होती.

"सुके, ह्याला कुठं आडकवलंय?"

सुकेशनीनं सांगितलं. मेल पाठवलाय, पण गेला नाही. जाईपर्यंत तिथंच थांबतो.

"किती दिस?"

"कितीबी. कुणी पाठवेपर्यंत."

"अन् पाठवला तर?"

सुकेशनी डिस्कची वायर नीट करायला लागली. मायनं परत विचारलं.

"मग तिथून निघून जातो माय. परत ऐकू यायचा नाही."

मायनं बाटलीतलं पाणी घेऊन हात धुतला. पदराला पुसला. "मग पाठव."

"माय, तू परत जेवायची नाहीस. मला म्हाईत हाय."

"जेवीन."

"नको ना माय. राहू दे ना. आपल्याला रोज बोलतोय तर..."

"सुके, माझं लेकरू एकटं उभं हाय तिथं. माझ्या भाकरीसाठी त्याला उभं ठिवू?"

सुकेशनी रडायला लागली. माय रडली नाही. ती कॉम्प्युटरजवळ सरकली. रोज सकाळी दारात उभी राहून प्रणयला जे सांगायची, तेच तिनं सांगितलं.

"राजा, म्या जेवले बरं का. पोटभर. आता तू निघ. हळू जाय."

शेवटचं एकदा लावलं.

"व्हय माय. निघतो."

आता पाठवायचं कसं? त्या चाळणाऱ्या प्रोग्रामला पाठवायचं बटणच नव्हतं. मेलचा प्रोग्राम ही फाईल उघडतच नव्हता. सुकेशनीनं डोकं बाजूला ठेवलं. फाईलच्या नावातलं ओएसटी खोडून पीएसटी लिहिलं. अडाणी गिऱ्हाइकं करतात तसं.

फाईल उघडली.

ती उघडणं शक्य नव्हतं. आजही ती मला शपथेवर सांगते की शक्य नव्हतं. आउटबॉक्समध्ये एक. तिनं मायकडं बघितलं. मायनं मान हलवली. तिनं बटण दाबलं...

आउटबॉक्स रिकामा झाला. डिस्क दोनदा टकटकली आणि शांत झाली.

मेल तिच्याच पत्त्यावर होता. ती दोन दिवस डोळे लावून बसली. तो मेल कधीच आला नाही. आणि डिस्कवरच्या फाईलचा आकार शून्य झाला होता.

मायनं शब्द पाळला. रोज जेवली. फक्त तिची जुनी खोड आता सुकेशनीकडं वळली. एक वाजला की दुकानात फोन यायचा.

"सुके, जेवली का गं?"

"जेवले माय."

मग फोन ठेवून माय जेवायला बसायची. कधी गिऱ्हाईक असायचं, सुकेशनी जेवलेली नसायची, तरी जेवले म्हणायची. आणि मग खोटं बोलले म्हणून मन खाई, आणि घाईघाईनं डबा उघडायची.

थंडीत माय गेली. आजार असा नाही. झोपेतच गेली. विहारात पुन्हा तीच माणसं आली, सुकेशनी पहिल्या रांगेत एकटी बसली.

त्यानंतर तिनं दुपारचं जेवण सोडलं. मी रागावलो तर म्हणाली, "एक वाजला की फोन वाजल्यासारखा वाटतो दादा. घास उतरत नाय."

एके दिवशी घरातली डाळ संपली म्हणून तिनं तो डबा खाली काढला. डिस्क आत होती. ती हातात घेऊन किती तरी वेळ उभी राहिली. मग दुकानात आली, जोडली.

फाईलचा आकार शून्य नव्हता.

आणि नाव... पीएसटी तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. आता तिथं परत ओएसटी होतं.

आउटबॉक्स... एक.

बाहेर दुपारची वेळ. खालून गाणं येत होतं, ते मधेच थांबलं. तिनं दोन्ही हात तोंडावर घट्ट धरले आणि कोपरानं बटण दाबलं.

आधी काहीच नाही. मग एका ताटावरचं झाकण सरकल्याचा बारीक आवाज. आणि...

"सुके, जेवली का गं?"

तिनं तोंडावरचे हात काढले नाहीत. तिला कळलं होतं. उत्तर दिलं तर उद्या माय पुढचं विचारणार. परवा त्याच्या पुढचं. आणि मायच्या आजूबाजूचंही सगळं एकेक करून निघून जाणार. माय तिथं एकटी राहणार.

पण उत्तर दिलं नाही तर माय जेवणार नाही. समोर ताट झाकून बसून राहील. तिला कितीही वेळ बसता येतं, हे सुकेशनीनं त्या गुरुवारी बघितलं होतं.

मायशी आता खोटं बोलायचं नव्हतं. तिनं शेजारच्या खानावळीतून ताट मागवलं आणि रडत रडत सगळं जेवली. भात, वरण, पोळी. घशाखाली उतरत नव्हतं ते पाण्यानं ढकललं. मग कॉम्प्युटरजवळ तोंड नेऊन म्हणाली,

"जेवले माय. खरंच जेवले. तू जेव. अन् मग निघ. हळू जाय."

परत लावलं नाही. माय त्यावर काय म्हणाली, ते तिनं ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर बटण दाबता आलं नसतं, असं ती म्हणते. तीन अक्षरं बदलली आणि पाठवून दिलं.

आउटबॉक्स रिकामा झाला.

हे सगळं तिनं मला सांगितलं तेव्हा मी तिच्या दुकानातच बसलो होतो. विचारलं, डिस्क कुठंय?

"डाळीत."

"फोडून टाक ना ती."

तिनं कीबोर्डवरची धूळ पुसली. मग हळूच म्हणाली, "दादा, पहिल्या दिशी म्या बी बोलले व्हते त्यात. प्रण्या म्हणून. अन् परवा मायला बोलले. माझा बी आवाज हाय आता आत."

मी कॉम्प्युटरकडं बघितलं.

"माय होती म्हणून प्रणयला पाठवलं. म्या होते म्हणून मायला पाठवलं. माझ्या वेळेला कोण दाबील बटण?"

मी पाणी प्यायलो. विषय बदलला. भित्रा आहे मी, कबूल.

पण तेव्हापासून रोज एक वाजता मी तिला फोन करतो. जेवली का विचारतो. ती जेवले म्हणते, मग आम्ही दोघंही हसतो आणि फोन ठेवतो. ती जेवते हे मला ठाऊक आहे. तब्येतही सुधारली आहे.

फक्त एक सांगायचं राहिलं.

ती दुकानात एकटीच जेवते. आतून कडी लावून, स्टुलावर, घरचा डबा उघडून. मी विचारून खात्री करून घेतली आहे.

पण गेल्या आठवड्यापासून ती 'जेवले दादा' म्हणते ना, तेव्हा तिच्या मागं आवाज येतो...

पुष्कळ ताटांचा, भरलेल्या कँटीनसारखा. आणि कुणीतरी हसतं.

मी तिला अजून विचारलेलं नाही.